पिंजाऱ्यांच्या चौधरीचं घोरणं

ही गोष्ट त्या काळातली, जेव्हा गादी विकत घेताना गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी एक प्रश्न विचारायचं, "ज्याच्या हातची ही गादी, त्याच्या परीक्षेला चौधरी झोपले होते ना?" आणि दुकानदार छाती फुगवून सांगायचा, "झोपले होते म्हणजे? उठवायला माणसं लावावी लागली!"

आज असं कुणी विचारलं तर त्याला वेड्यात काढतील. म्हणून आधी तिथली रीत सांगतो.

एक शहर होतं. राज्य सुलतानाचं, पण शहर चालायचं कारागिरांवर. प्रत्येक धंद्याची एक गल्ली आणि एक जमात. तलवारींना धार लावणारे शिकलगार, कापड रंगवणारे रंगरेज, पाणी वाहणारे भिस्ती, रोट्या भाजणारे नानबाई, कापूस पिंजून गाद्या भरणारे पिंजारी. प्रत्येक जमातीचा एक पीर, त्याचं नाव घेतल्याशिवाय कुणी हत्याराला हात लावायचं नाही. आणि प्रत्येक जमातीचा एक चौधरी, त्याला विचारल्याशिवाय कुणी दुकान उघडायचं नाही.

शिकाऊ माणसाचा हात बसला की तो जमातीपुढे एक वस्तू करून दाखवायचा. ती पसंत पडली तर चौधरी त्याच्या कमरेला हिरवा शेला बांधायचा. शेला बांधला की तो उस्ताद झाला. मग त्याला दुकान काढता यायचं आणि जमातीच्या बैठकीत बोलता यायचं. शिकाऊंनी मात्र बैठकीत नुसतं ऐकायचं आणि जे ठरेल ते करायचं.

या बैठकांना दरबारही वचकून असे. आधीच्या सुलतानानं एकदा भिस्त्यांच्या पखालींवर कर बसवला. भिस्त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त पखाली खाली ठेवल्या. त्या सकाळी दिवाणसाहेब दाढीला साबण लावून पाण्याची वाट बघत बसले होते. साबण वाळला, दाढी ताठ झाली, आणि तशाच ताठ दाढीनं त्यांनी कर उठवल्याचा हुकूम चौकात वाचून दाखवला. तेव्हापासून दरबारात नवा हुकूम निघायचा झाला की कुणीतरी हळूच विचारायचं, "चौधरींच्या कानावर घातलंय ना?"

तर अशा त्या शहरात पिंजाऱ्यांचे चौधरी होते बंदगीमियाँ. पिंजाऱ्यांची परीक्षा मोठी गमतीची होती. उमेदवारानं कापूस पिंजायचा, गादी भरायची, शिवायची. मग दुपारी, जेवणं झाल्यावर, साऱ्या गल्लीसमोर चौधरींनी त्या गादीवर आडवं व्हायचं. झोप लागली तर उमेदवार उस्ताद. नाही लागली तर बस पुन्हा पिंजत.

तुम्ही म्हणाल, भरल्या पोटी दुपारी कुणालाही झोप लागते. बंदगीमियाँना लागत नसे. त्यांची पाठच तशी होती. कापसात एक सरकी जरी राहिली तरी ते तळमळत या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे आणि शेवटी उठून बसायचे. खुद्द जावयाला त्यांनी नापास केलं होतं, तेही एकदा नव्हे. लेक रुसून बोलेनाशी झाली, पण शहरात पिंजाऱ्यांच्या गादीचा भाव वाढला. आणि गादी खरंच चांगली असली, की आधी त्यांच्या नाकातून एक बारीक शीळ निघायची आणि तिच्यामागून गडगडाट. शीळ ऐकू आली की गल्ली टाळ्या वाजवायची.

एवढा मान असून बंदगीमियाँच्या मनात एक सल होता. ईदच्या दिवशी सगळ्या जमाती सुलतानासमोरून मिरवत जात. सगळ्यात पुढे शिकलगार, तलवारी चमकवत. त्यांच्यामागे बाकीचे, मग सुलतानाचे हत्ती, आणि हत्तींच्याही मागे, अगदी शेपटाला, पिंजारी. कारण पिंजाऱ्यांच्या कपड्यांतून कापूस उडतो आणि मागच्यांना शिंका येतात, तेव्हा त्यांच्या मागे कुणी नसलेलंच बरं, असं कधीतरी ठरून गेलं होतं.

हत्तींच्या मागे चालणं म्हणजे काय, ते चालणाऱ्यालाच ठाऊक. बंदगीमियाँ दर ईदला नवे जोडे घालून निघायचे आणि खाली बघत, उड्या मारत घरी परतायचे. दारात त्यांची बायको सुगराबी पाण्याची घागर घेऊन उभीच असायची.

"जोडे बाहेरच काढा," ती म्हणायची. "ईद मुबारक!"

पुढे तख्तावर नवा सुलतान आला. तरुण, हौशी, मनानं वाईट नव्हता. पण लहानपणापासून त्याला 'नाही' असं कुणी म्हटलेलंच नव्हतं. बुद्धिबळात तो कधी हरला नव्हता. त्याच्या गाण्याला रडलेली माणसं आनंदानं रडतायत असं त्याला सांगितलं जायचं.

दिवाण मात्र तेच जुने, ताठ दाढीचे. त्यांना ती सकाळ अजून आठवत होती. ते सुलतानाला म्हणाले, "हुजूर, या जमातींशी भांडण्यात अर्थ नाही. आपण त्यांच्यातलेच व्हावं. दुकानं बंद ठेवायची तर जमातीतल्या प्रत्येक उस्तादाचा होकार लागतो. एक जरी नको म्हणाला तरी सगळं अडतं. तो एक आपण असावं."

सुलतानाला यातलं राजकारण किती कळलं कोण जाणे, पण कमरेला हिरवा शेला बांधायची कल्पना त्याला फारच आवडली.

कुठल्या जमातीत शिरायचं हेही दिवाणांनी हेरून ठेवलं होतं. ते स्वतः बंदगीमियाँच्या घरी गेले, शरबत घेतलं, सुगराबीच्या कोंबड्यांचं कौतुक केलं आणि सहज बोलावं तसं म्हणाले, "सुलतानांना पिंजारी व्हायचंय. परीक्षा रीतीप्रमाणेच होईल. आणि सुलतान ज्या जमातीचे उस्ताद, ती जमात ईदला हत्तींच्या मागे कशी चालेल? ती सगळ्यात पुढे."

दिवाण गेले तरी बंदगीमियाँ तसेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांपुढे स्वच्छ, झाडलेला, मोकळा रस्ता दिसत होता.

"आणि गादीत गाठी राहिल्या तर?" सुगराबीनं विचारलं.

"सुलतानाच्या गादीत गाठी? काहीतरीच काय!"

"कापसाला काय कळतं, पिंजणारा कोण आहे ते?"

"अगं, तू तेवढी घागर भरून ठेवायची सवय सोड आता," बंदगीमियाँ म्हणाले. "यंदा लागायची नाही."

पिंजाऱ्यांचं काम चालायचं ते तटाच्या आडोशाच्या मैदानात. तीन बाजूंनी उंच भिंत, त्यामुळे तिथं वारा येत नसे. पिंजाऱ्याला दुसरं काही नसलं तरी चालेल, पण वारा नको. तिथं सुलतानासाठी कमान टांगली, कापसाचा ढीग घातला. लाकडी ठोकळ्यानं कमानीच्या तातेवर ठोका मारायचा, तात थरथरली की तिच्याजवळचा कापूस सुटा होत जातो, असं ते काम.

सुलतानानं ठोका मारला. टणत्कार घुमला.

"वा!" सुलतान म्हणाला. "काय आवाज आहे!"

आणि मग तो आवाजासाठीच ठोके मारत राहिला. तात एकीकडे, कापूस भलतीकडे. जो थोडा उडाला तो दिवाणसाहेबांच्या नाकात गेला. दिवाण शिंकले की सगळा दरबार त्यांच्यासोबत आदरानं शिंकायचा. संध्याकाळपर्यंत दरबार पांढरा झाला आणि ढीग होता तसाच राहिला. सुलतानानं तो उचलून खोळीत कोंबला आणि वरून बुक्के मारले.

बंदगीमियाँना दिसत होतं. दिसणारच. पण दर खेपेला सुलतान वळून विचारायचा, "बरोबर आहे ना, चौधरी?" आणि बंदगीमियाँच्या तोंडून निघून जायचं, "माशाल्ला, हुजूर!"

परीक्षेच्या दुपारी साऱ्या शहरानं जेवणं लवकर उरकली. गच्च्यांवर बायका, भिंतींवर पोरं, मैदानात पाय ठेवायला जागा नाही. मधोमध सुलतानाची गादी. वर जरीचं कापड, चारी कोपऱ्यांना गोंडे. बंदगीमियाँनी पीराचं नाव घेतलं आणि पाठ टेकली.

टेकली आणि लगेच उचलावीशी वाटली. खांद्याखाली कवठाएवढी गाठ. कमरेखाली दुसरी, पहिलीची थोरली बहीण. मांड्यांखाली कापूसच नव्हता, आणि टाचेला काहीतरी टोचत होतं. ती नंतर सुलतानाची हरवलेली अंगठी निघाली.

त्यांनी डोळे किलकिले करून पाहिलं. पायाशी सुलतान उभा होता, हात बांधून, ओठ चावत, खऱ्या शिकाऊसारखा घाबरलेला. बाजूला दिवाण. त्यांचा हात तलवारीच्या मुठीवर होता. तो नेहमीच तिथं असायचा, पण आज जरा जास्तच दिसत होता. आणि या सगळ्याच्या पलीकडे बंदगीमियाँना दिसत होती ईदची मिरवणूक. पुढे ते, मागे शिकलगार, आणि हत्ती कुठंतरी लांब मागे.

करायचं एवढंच होतं. उठून बसायचं आणि म्हणायचं, 'गाठी आहेत. पुन्हा पिंजा.' जावयाला ते हेच म्हणाले होते, आणि तेव्हा जीभ जराही अडखळली नव्हती.

बंदगीमियाँनी डोळे घट्ट मिटून घेतले आणि घोरायला सुरुवात केली.

दरबाऱ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सुलतानानं तर आनंदानं उडीच मारली. गल्ली मात्र गप्प होती. गच्चीवर शेजारीण सुगराबीला म्हणाली, "अगं, शीळ कुठं वाजली?"

"झोप लागली असती तर वाजली असती," सुगराबी म्हणाली. "इतकी वर्षं कानाशी ऐकतेय, मला कळत नाही होय?" आणि ती मान खाली घालून जिना उतरून गेली.

"कशी लागली झोप?" सुलतानानं विचारलं.

"जन्नत, हुजूर," बंदगीमियाँ म्हणाले आणि कमरेवर हात धरून कसेबसे उभे राहिले. शेला बांधायला त्यांना वाकता येईना, म्हणून सुलतानच खाली बसला. पाहणाऱ्यांना वाटलं, केवढा हा नम्रपणा.

ईद आली. पिंजारी सगळ्यात पुढे निघाले. मागून शिकलगार शिंकत होते, रंगरेज शिंकत होते, आणि एका हत्तीनं तर अशी जोरदार शिंक दिली की दिवाणांची पगडी उडून खजूरवाल्याच्या पाटीत पडली. बंदगीमियाँनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांचे जोडे स्वच्छ होते. जन्माचं सार्थक झालं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

त्यानंतर आठवडाही उलटला नसेल. दिवाणांचा मेहुणा आला, त्याला शेला हवा होता. मग सुलतानाचा हजाम आला. मग खजिनदार आला, त्याची गादी त्याच्या नोकरानं भरली होती आणि नोकराच्या गादीत दगड होते. सुलतानाला 'हो' म्हटलं, आता यांना 'नाही' कोणत्या तोंडानं म्हणायचं? बंदगीमियाँ दर दुपारी आडवे व्हायचे, घोरायचे आणि रात्री स्वतःच्या घरच्या मऊ गादीवर डोळे टक्क उघडे ठेवून पडायचे.

बाजारात बातमी पसरायला वेळ लागत नाही. गिऱ्हाईकं येऊन म्हणू लागली, "चौधरी झोपले होते ते ठीक. मी आधी स्वतः झोपून बघतो." पिंजाऱ्यांच्या दुकानात जिकडे बघावं तिकडे माणसं आडवी. काही जण तर घरून जेवून यायचे, मस्त झोप काढायचे आणि डोळे चोळत "उद्या सांगतो" म्हणून निघून जायचे.

एक दिवस जावई आला. तो भांडला नाही. कमरेच्या शेल्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "मला तुम्ही परत परत पिंजायला लावलंत. ते माझ्या भल्याचं होतं, असं आजवर वाटत होतं." बंदगीमियाँना ते बोलणं कुठल्याही गाठीपेक्षा जास्त लागलं.

आणि मग एका सकाळी दवंडी पिटली. तटाच्या आडोशाचं पिंजाऱ्यांचं मैदान सुलतानाच्या हत्तींना देण्यात येत आहे. हत्तींना वाऱ्याचा त्रास होतो.

पिंजारी पेटून उठले. मैदान गेलं तर धंदाच गेला. बंदगीमियाँनी जमातीची बैठक बोलावली. पीराचं नाव घेऊन झालं आणि ते म्हणाले, "भावांनो, मैदान परत मिळेपर्यंत एकही कमान वाजणार नाही. सगळ्यांचा होकार आहे?"

"उशीर झाला का मला?" दारातून आवाज आला. हिरवा शेला बांधलेला सुलतान आत आला आणि लोकांमधून वाट काढत पुढच्या रांगेत बसला. त्याच्यामागून मेहुणा, हजाम आणि खजिनदार.

"हुजूर," बंदगीमियाँ चाचरत म्हणाले, "ही बैठक आपल्याच विरुद्ध आहे."

"हो, कळलं मला. म्हणून तर घाईनं आलो. मी उस्ताद आहे ना?"

"आहात, हुजूर."

"मग माझा होकार नाही," सुलतान गोड हसून म्हणाला. हजामानंही मान हलवली. खजिनदार झोपला होता, त्याला जागं करून त्याचाही नकार घेतला.

बैठक संपली. यात सुलतानानं एकही नियम मोडला नव्हता. मोडला होता तो बंदगीमियाँनी, आणि तेही आडवं पडून.

पिंजारी वेशीबाहेर नदीकाठी काम करू लागले. तिथला वारा म्हणजे वारा. सकाळी पिंजलेला कापूस दुपारी पलीकडच्या काठावर. नदीत डुंबणाऱ्या म्हशी बाहेर निघायच्या त्या मेंढ्या होऊन. घरांतल्या चुली एकवेळच्या झाल्या. सुगराबी आपल्या ताटातली अर्धी रोटी त्यांच्या ताटात टाकायची आणि तेच बंदगीमियाँना सहन होत नव्हतं.

शेवटी ते नानबाईंच्या चौधरींकडे गेले. ते म्हणजे मस्तानचाचा. वयानं थकलेले, तोंडात एकही दात नाही. नानबाईंची परीक्षाच त्यावर होती: उमेदवाराची रोटी मस्तानचाचांना चावल्याशिवाय खाता आली पाहिजे.

"चाचा, तुमच्या जमातीनं आमच्यासाठी एक दिवस तंदूर थंड ठेवले तर मैदान परत मिळेल."

"ठेवले असते रे," मस्तानचाचा म्हणाले. "पण कुणासाठी ठेवायचे? तुमच्या जमातीत सुलतान, दिवाणांचा मेहुणा, खजिनदार. म्हणजे सुलतानाविरुद्ध सुलतानासाठीच तंदूर बंद करू?"

बंदगीमियाँ उठून आले.

इकडे सुलतानाला शेल्यांची चटक लागली होती आणि दिवाणांना नानबाईंची जमात हवी होती, कारण शहरात सगळ्यात जास्त वचक तिचाच. सुलतानानं नानबाई व्हायचं ठरवलं. परीक्षेच्या दिवशी बंदगीमियाँही गर्दीत जाऊन उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात एकच इच्छा होती: चाचांनीही ती रोटी गिळावी. म्हणजे आपण एकटे राहणार नाही. वाईट इच्छा होती, पण होती.

सुलतानानं रोटी पुढे केली. बाहेरून काळीकुट्ट. चाचांनी तुकडा तोडला, तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला. चाचांनी तुकडा बाहेर काढून तळहातावर ठेवला.

"कच्ची आहे, हुजूर. वरून करपलीय, आतून कच्ची. पुन्हा कणीक मळा."

दिवाणांनी तलवार अर्धी उपसली. बंदगीमियाँनी डोळे झाकले. आता म्हाताऱ्याचं डोकं उडणार, अशी त्यांची खात्री होती.

उडाली ती रोटी. सुलतानानं ती जमिनीवर आपटली, घोड्यावर बसला आणि निघून गेला. गर्दी पांगली. त्या रात्री नानबाईंच्या गल्लीत कुणाला घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुलतान परत आला. एकटा, पायी, दिवाणांना न सांगता. कणकेच्या परातीशी मांडी घालून बसला आणि म्हणाला, "किती वेळ मळायची?"

"हात दुखेपर्यंत," मस्तानचाचा म्हणाले. "मग आणखी थोडी."

सुलतान मळू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता, लाज होती, आणि गंमत म्हणजे थोडा आनंदही होता. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे सुलतान म्हणून न बघता त्याच्या कामाकडे बघितलं होतं. मळता मळता त्यानं मान वर केली. दारात बंदगीमियाँ उभे होते. सुलतानाचा हात थांबला.

"चौधरी," तो म्हणाला, "माझी गादी खरंच चांगली होती का?"

बंदगीमियाँच्या तोंडात 'माशाल्ला' तयारच होतं. त्यांनी ते गिळलं.

"नाही, हुजूर. गाठी होत्या. आपली अंगठी पण होती."

"मग घोरलात का?"

"हत्तींच्या मागे चालायचा कंटाळा आला होता, हुजूर."

सुलतान परातीपासून उठला. मग कणकेच्या हातानंच त्यानं कमरेचा हिरवा शेला सोडला आणि त्यांच्या हातात दिला. "म्हणजे हा माझा नव्हताच. तुम्ही मला फसवलंत, चौधरी. मला वाटत होतं, मला एक गोष्ट तरी स्वतःच्या हातानं येते." हे तो इतक्या साधेपणानं बोलला की बंदगीमियाँना खालमानेनं उभं राहणंही जड झालं.

मेहुण्याचे, हजामाचे, खजिनदाराचे शेले संध्याकाळपर्यंत परत आले. मैदान मात्र आलं नाही. "शेला पिंजाऱ्यांचा होता, तो दिला," सुलतान म्हणाला. "मैदान तख्ताचं आहे. हत्तींना तिथं बरं वाटतंय."

बंदगीमियाँनी चौधरीपण सोडलं. जमातीनं त्यांच्या जावयाला चौधरी केलं. आता बैठकीत नको म्हणणारं कुणी नव्हतं. सगळ्यांनी होकार दिला आणि पिंजाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली.

शहराला पत्ताच लागला नाही. लोक कधीपासूनच चटयांवर झोपत होते, आणि ज्यांना गाद्या हव्या होत्या त्यांनी परगावाहून आणल्या होत्या. एका माणसानं तर बंद दुकानासमोर उभं राहून विचारलं, "आज काही खास आहे का?" पिंजाऱ्यांच्या जमातीला तेव्हा कळलं की पूर्वी दरबार झुकायचा, तो त्यांच्या संख्येला किंवा शेल्याला नव्हे. त्यांच्या गादीवाचून शहराची झोप उडायची, म्हणून झुकायचा.

तेव्हा मस्तानचाचा आपणहून आले. "आता तुमच्या जमातीत पिंजारीच उरलेत," ते म्हणाले. "आता बोलता येईल."

नानबाईंच्या उस्तादांनी बैठक घेतली आणि सकाळी तंदूर पेटले नाहीत. सुलतान नेहमीसारखा बाह्या वर करून गल्लीत आला, तर सगळी गल्ली थंड.

"आज मळायचं नाही?"

"आज बंद आहे," चाचा म्हणाले. "पिंजाऱ्यांच्या मैदानासाठी. सुलतानाविरुद्ध."

"पण सुलतान तर मीच आहे!"

"राजवाड्यात. इथं तुम्ही शिकाऊ. शिकाऊनं बैठकीत बोलायचं नसतं. जे ठरलं ते करायचं. तिथं कोपऱ्यात बसा."

सुलतान कोपऱ्यात बसला. दुपार झाली. त्याला कडकडून भूक लागली. राजवाड्यातून निरोप आला की मुदपाकखान्यात एकही रोटी नाही, दिवाणसाहेब भुकेनं चिडचिडे झालेत आणि हुजुरांनी ताबडतोब हा बंद मोडून काढावा. सुलतानानं निरोप्याकडे केविलवाणं बघितलं. "मला कसं मोडता येईल? मी त्यात आहे." आणि थोड्या वेळानं, पोटात कावळे ओरडायला लागल्यावर, त्यानं दुसरा निरोप पाठवला: हत्ती हलवा.

संध्याकाळी हत्ती मैदानातून बाहेर पडले आणि पिंजाऱ्यांनी मैदान झाडायला घेतलं. झाडायला बरंच होतं. सगळ्यात पुढे खराटा घेऊन बंदगीमियाँ होते, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

झाडून झाल्यावर ते हातपाय धुऊन मस्तानचाचांकडे गेले. तंदूर नुकते पेटले होते.

"चाचा," त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सुलतानाची रोटी तोंडातून काढताना भीती नाही वाटली?"

"वाटली की! पाय लटलट कापत होते. लांब अंगरखा होता म्हणून कुणाला दिसलं नाही."

"मग?"

"मग काय? रोटी कच्ची होती."

बंदगीमियाँ आगीकडे बघत उभे राहिले. त्यांना त्या दुपारचा सुलतान आठवला, ओठ चावत उभा असलेला. खरं सांगितलं असतं तर तो तेव्हाही रागावला असता, निघून गेला असता आणि दुसऱ्या दिवशी परत येऊन पिंजायला बसला असता. फार तर एक रात्र वाईट गेली असती.

"मलाही एवढंच म्हणायला हवं होतं, चाचा. गाठी आहेत," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तात्पर्य: ज्या कसोटीमुळे आपल्या शब्दाला वजन येतं, ती मोठ्या माणसासाठी सैल केली तर मोठा माणूस आपला होत नाही आणि शब्दही आपला राहत नाही.